हॉर्न मधेच गप्प होतोय? डायफ्राम मागवायच्या आधी हे बघून घ्या

हे जुन्या हॉर्नवाल्या स्पीकर पेट्यांबद्दल आहे, ज्यात वरचे सूर भोंग्यासारख्या हॉर्नमधून येतात; डायफ्राम म्हणजे त्या हॉर्नमागे हलणारा पातळ पडदा. आधी लक्षणं सांगतो, तुमचं कशात बसतंय ते बघा.

सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे रात्री हळू आवाजात काही लावलं की एका बाजूचा हॉर्न बंद. डग्गा ऐकू येतो पण चाटेवरचा ना गायब, गाणारा गोधडीत तोंड घालून गातोय असं वाटतं. मग वैतागून आवाज मोठा केला की फट् करून हॉर्न परत येतो, आणि नंतर आवाज कमी केला तरी तासभर नीट वाजतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाटक.

दुसरं, हॉर्नच्या लेव्हलचा नॉब फिरवला की खर्रर्र, आणि एखाद्या जागी बोट ठेवलं तरच आवाज येतो.

तिसरं, हॉर्न पूर्ण बंद होत नाही पण गाणारी बाई मधे उभी राहायची ती हळूहळू उजव्या नाहीतर डाव्या पेटीकडे सरकते.

चौथं, आवाज आहे पण कर्कश झालाय, स आणि श कानात टोचतात, पूर्वी असं नव्हतं.

पाचवं, ठरावीक सुरालाच झणझण. बासरी नाहीतर हार्मोनियमची एक पट्टी लागली की डब्यात खडा पडल्यासारखं वाजतं, बाकी सगळं स्वच्छ.

पहिली तीन लक्षणं बहुतेक वेळा कॉन्टॅक्टची, चौथं कॅपॅसिटरचं (म्हणजे कंडेन्सरचं), पाचवं डायफ्रामचं किंवा नुसत्या सैल बोल्टचं. पण लोक काय करतात, लक्षण कुठलंही असो, आधी परदेशातून डायफ्राम मागवतात. मी गेली बरीच वर्षं वागळे इस्टेटला मोटर वाइंडिंगच्या कामात आहे आणि जुने हॉर्न हा शनिवार-रविवारचा नाद, आणि दर गणपतीनंतर माझ्याकडे हीच तक्रार घेऊन दोघं-तिघं तरी येतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या हातात नव्या डायफ्रामचा खोका असतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

कारण समजलं तर पुढच्या तपासण्या पटतील. शेल्फवर ठेवायचा साधा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. हॉर्नवर चढवलेला कॉम्प्रेशन ड्रायव्हर, ज्याला आपले साऊंडवाले नुसतं युनिट म्हणतात, तो तेवढ्याच १ वॉटला १०५ ते ११० देतो. घरात आपण ७७ डेसिबलला ऐकतोय असं धरा आणि युनिट १०७ वालं धरा, तर त्याला लागतो १ मिलिवॉट. वॉटचा हजारावा भाग! ८ ओहमवर त्याचे होतात ०.०९ व्होल्ट. तेवढ्याच आवाजाला साध्या स्पीकरवर याच्या दहापट व्होल्टेज असतं. आता तांब्यावर किंवा चांदीच्या मुलाम्यावर जी काळी-हिरवी पापुद्र्यासारखी फिल्म बसते ती ०.०९ व्होल्टला अडवते, आणि आवाज मोठा केला की जास्त व्होल्टेज तिला फोडून पलीकडे जातं. म्हणून तो फट् करून परत येतो. टॉकीजमध्ये हेच हॉर्न रोज तीन-चार खेळ मोठ्या आवाजात वाजायचे तेव्हा कुणाला हा प्रॉब्लेम कळलाच नाही, घरी दिवाणखान्यात आणले आणि रुसायला लागले.

त्यात आपलं ठाणं आणि खाडीपलीकडचं ऐरोली, कोपरखैरणे, वाशी. चार महिने भिंती ओल्या. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा जो वास येतो ना, त्यातल्या गंधकाच्या वायूनं देवघरातली चांदीची निरांजनं काळी पडतात, मग स्विचच्या आतली चांदी कशी राहील. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं तसे हे जुने टर्मिनल कळकतात, फक्त इथे वास येत नाही, आवाज जातो.

चला, सुरुवात फुकटच्या तपासणीपासून.

ॲम्प्लिफायर बंद करा आणि ॲम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. परत चालू करून ऐका. बंद हॉर्न त्याच पेटीत राहिला तर दोष पेटीत. दोष दुसऱ्या पेटीत गेला तर पेटी निर्दोष, ॲम्प्लिफायर किंवा त्याच्या अलीकडचं काहीतरी. आणि एक बारीक फरक लक्षात ठेवा: वूफरसकट (खालचे सूर देणारा मोठा स्पीकर) अख्खी बाजू जात असेल तर ते ॲम्प्लिफायरमधल्या रिलेचं किंवा सिलेक्टरचं दुखणं आहे, क्रॉसओव्हर (पेटीतला वरचे-खालचे सूर वेगळे करणारा भाग) उघडत बसू नका. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल तर चालू असताना स्पीकरची वायर अजिबात काढायची नाही, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. ही तपासणी कोणी करत नाही कारण फार सोपी वाटते, आणि एका माणसाने अख्खा क्रॉसओव्हर नवा करून घेतल्यावर कळलं होतं की त्याच्या कॅसेट डेकचा हेड घासला होता, म्हणून सांगतोय.

मग कान. एफएमवर दोन स्टेशनांच्या मधली सरसर लावा किंवा फोनवरून पिंक नॉइज, एकदम हळू. वर्तमानपत्राची नळी करून एक टोक कानाला आणि दुसरं हॉर्नच्या तोंडाशी. तीन-वे पेटी (वूफर, मधल्या सुरांचा मिड आणि वरच्या सुरांचा ट्वीटर) असेल तर मिडचा हॉर्न आणि ट्वीटरचा हॉर्न वेगवेगळा कळतो, नुसतं समोर बसून ते कळत नाही. १९५७ पासून निघणाऱ्या क्लिप्श हेरेसीसारख्या पेटीत दोन्ही हॉर्न एकाच फळीवर जवळजवळ असतात, तिथे नळीशिवाय फसगत ठरलेली. आता सरसर चालू ठेवून पेटीच्या बाजूवर बोटाच्या पेराने टकटक करा. टकटकीबरोबर आवाज येत-जात असेल तर सैल जोड किंवा कोरडा सोल्डर, अर्धं निदान झालं. पेटीवर टकटक, युनिटवर नाही. जुन्या अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या) चुंबकाला ठोके आवडत नाहीत.

यानंतर वायरी आणि टर्मिनल. ॲम्प्लिफायर बंद, प्लग काढलेला. पेटीमागची वायर सोडवा, टोक बघा. तांब्याचा रंग नव्या पैशासारखा हवा, काळं किंवा हिरवं असेल तर नुसतं घासून उपयोग नाही कारण कळंक प्लॅस्टिकच्या आत बोट-दोन बोटं गेलेला असतो, तेवढी वायर कापून टाका आणि नवीन सोला. कापायला लांबी पुरत नसेल तर वायरच बदला, इतकी काही महाग नसते. मग आतले जोड: क्रॉसओव्हरवरून युनिटला जाणाऱ्या वायरीचे लग (टोकाची पत्र्याची कडी), स्क्रू, युनिटवरचे स्प्रिंगचे दाबायचे टर्मिनल. प्रत्येक स्क्रू अर्धा फेरा सैल करून परत आवळा, लग काढून परत घाला, नुसत्या या घासण्याने पण कॉन्टॅक्ट जागा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरे. पॉलिश पेपर चांदीच्या मुलाम्यावर मारू नका, मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात दुप्पट त्रास. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गंज सोडवायचे स्प्रे हे सगळं लोकांनी लावून आणलेलं मी पाहिलंय, धूळ चिकटून लापशी होते.

काढताना लाल-काळ्याचा फोटो काढून ठेवा. जेबीएलच्या जुन्या युनिटमध्ये लाल-काळ्याची चाल (प्लस-मायनसची दिशा) बाकीच्यांच्या उलट असते, त्यामुळे हे चुकलंय वाटतं म्हणून वायर फिरवू नका, क्रॉसओव्हर बनवणाऱ्याने कदाचित तसंच धरलेलं असतं.

आता एल-पॅड. इथे जरा बसतो, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त केसेस इथेच संपतात.

एल-पॅड म्हणजे हॉर्नचा आवाज वूफरशी जुळवायचा नॉब. हॉर्न वूफरपेक्षा इतका जोरात वाजतो की त्याला लगाम घालावाच लागतो. आत दोन तारेच्या पट्ट्या असतात, एक सिरीजमध्ये एक पॅरललमध्ये, आणि नॉब फिरवला की दोन्हीवरचे घासणारे कॉन्टॅक्ट असे सरकतात की क्रॉसओव्हरला समोर कायम ८ किंवा १६ ओहमच दिसतात. घरात एकदा नॉब लावला की वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, त्यामुळे तो कॉन्टॅक्ट एकाच जागी बसून त्याच्याखाली फिल्म जमते.

गेल्या वर्षी ऐरोलीच्या एका रिटायर्ड काकांचा फोन आला. खाडीकडे गॅलरी असलेला फ्लॅट, अमेरिकन बनावटीची जुनी मोठी जोडी. काका म्हणाले, "अहो, डायफ्राम आलाय, तुम्ही फक्त बसवून द्या." मी म्हटलं आधी ऐकू दे तरी. लावलं, डावा हॉर्न बंद. मागे जाऊन एल-पॅडचा नॉब धरला तर तो फिरेचना, साबुदाणा थिजल्यासारखा. ॲम्प्लिफायर बंद करून थोडा जोर लावून इकडून तिकडे पाच-सहा वेळा फिरवला, चालू केलं, आणि हॉर्न असा काही आला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर. काका दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तो डायफ्राम?" म्हटलं कपाटात ठेवा, लागेल कधीतरी. खोका अजून तसाच सील आहे.

तर करायचं असं. ॲम्प्लिफायर बंद, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. पण आधी नॉबची जुनी जागा पेन्सिलीने खुणेने लिहा. मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा आत, परत फिरवा, अर्धा तास सुकू द्या. बरं वाटलं तरी हा इलाज वर्ष-दोन वर्षांचा, कारण घासणारा कॉन्टॅक्ट तोच जुना आहे.

खात्री करायची असेल तर एल-पॅडच्या आत येणारी वायर आणि युनिटला जाणारी वायर क्रोकोडाइल क्लिपने थेट जोडा, म्हणजे एल-पॅड बाजूला पडला. ॲम्प्लिफायरचा आवाज आधी शून्यावर आणा, हॉर्न आता बेलगाम आहे. आवाज स्थिर आला तर चोर सापडला.

बदलायचाच असेल तर नवा एल-पॅड तेवढ्याच ओहमचा आणि पुरेशा वॉटचा घ्या. रेडिओमधला कार्बनचा व्हॉल्यूम पॉट लावू नका, जळतो. एका पेटीत मला पंख्याचा जुना रेग्युलेटर सापडला होता, कुणाचं डोकं असेल ते असेल, पण बिचारा वाजत होता. मला स्वतःला विचाराल तर नॉबच नको, दोन फिक्स रेझिस्टर लावा. काढण्याआधी आवडीच्या जागी नॉब ठेवून, वायरी सोडवून मीटरने सिरीज आणि पॅरलल दोन्ही मोजून घ्या, तेच आकडे तुमचं उत्तर. नुसती डेसिबल ठाऊक असेल तर ८ ओहमच्या युनिटला ३ डेसिबल कमी करायला सिरीज साधारण २.३ आणि पॅरलल १९.५ ओहम, ६ डेसिबलला ४ आणि ८ ओहम, १० डेसिबलला ५.५ आणि ३.७. १६ ओहमच्या युनिटला सगळे आकडे दुप्पट. बाजारात मिळणारे ३.९ आणि ८.२ चे दहा वॉटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर ६ डेसिबलला चालतात. घासणारा भागच नाही म्हटल्यावर पावसाळा आला काय नि गेला काय.

इथपर्यंत नाही सुटलं तर मल्टिमीटर. युनिटची एक वायर काढा, कारण ती जोडलेली असेल तर मीटर क्रॉसओव्हर पण मोजतो आणि तुम्हाला उल्लू बनवतो. ८ ओहमच्या युनिटला डीसी रेझिस्टन्स साधारण ५ ते ७ येतो, १६ च्याला १० च्या वर. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे डावं-उजवं सारखं आहे का. काहीच दाखवत नसेल तर कॉईल तुटली किंवा टर्मिनलपासून कॉईलपर्यंतची पातळ पट्टी तुटली. आकडा नाचत असेल तर टर्मिनल हलवून बघा, तिथला सोल्डर कळकलेला असतो. आणि युनिट थेट ॲम्प्लिफायरला लावून "बघू वाजतंय का" करू नका. खालचे सूर आणि चालू-बंद करतानाचा ठोका डायफ्रामला एका क्षणात फाडतो. चाचणी करायचीच तर मधे १०-२० एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला, कॅपॅसिटर सिरीजमध्ये घालून, आवाज शून्यावरून हळूहळू वर.

युनिट ठीक आलं तर क्रॉसओव्हर बाहेर. आधी भिंग घेऊन सोल्डर बघा. करडा, दाणेदार किंवा लगभोवती बारीक गोल चीर दिसली की गरम करून नवा सोल्डर द्या. पीएवाल्या (सभा-कार्यक्रमांच्या) पेट्यांत हॉर्नच्या सिरीजमध्ये संरक्षणाला छोटा बल्ब असतो, तो होल्डरमध्ये कळकतो, काढून पुसून परत लावा. क्रॉसओव्हरमधल्या कॉईल क्वचितच जातात, उगाच बदलू नका, नव्या कॉईलचा रेझिस्टन्स वेगळा आला की आवाजाचा तोलच बदलतो.

कॅपॅसिटरचं मात्र वय होतं, विशेषतः इलेक्ट्रोलिटिक. एक पाय सोडवून मोजायचा, दोन्ही पाय बोर्डवर असताना मोजलेला आकडा खोटा. साधा फर्स्ट ऑर्डर (हॉर्नच्या वाटेत एकच कॅपॅसिटर) क्रॉसओव्हर धरा, १६ ओहमच्या युनिटला ८०० हर्ट्झच्या खालचे सूर कापायला लागतो साधारण १२.५ एमएफडी. आता जुना होऊन तोच १८ दाखवायला लागला तर कट येतो ५५० च्या आसपास. अल्टेकचा ८११ नावाचा हॉर्न ८०० च्या वर वापरायला बनवलाय, ५११ वाला ५०० च्या. ८११ ला ५५० पासून काम दिलं की तो ओरडणारच, आणि डायफ्रामला झेपेल त्यापेक्षा जास्त हलायला लागतं. चौथं लक्षण, कर्कशपणा, पुष्कळदा इथून येतो, आणि लोक म्हणतात हॉर्न असेच असतात. नसतात हो. आणि कॅपॅसिटर उलट्या दिशेनं पण जातो, आतला रेझिस्टन्स वाढतो आणि हॉर्न मंद होतो, ते नुसत्या मीटरवर दिसत नाही, त्याला ईएसआर मीटर लागतो.

नवे कुठून? दादरला बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोड, तिथे फिल्मचे मिळतात. पण गंमत सांगतो, आपल्या छताच्या पंख्याचा २.५ एमएफडी ४४० व्होल्टचा कंडेन्सर असतो ना, तो पॉलिप्रॉपिलीनचाच असतो आणि हॉर्नला मस्त चालतो. पॅरललमध्ये बेरीज होते, ४ चे तीन लावले की १२. लावायच्या आधी प्रत्येक मोजून डाव्या-उजव्याच्या जोड्या लावा. मोटर चालू करायचा जो काळा स्टार्ट कंडेन्सर असतो तो घेऊ नका, तो इलेक्ट्रोलिटिक असतो. आणि दोन साधे इलेक्ट्रोलिटिक पाठीला पाठ लावून नॉन-पोलर करायची जी जुनी युक्ती आहे ती वाजते, मी पण केलीये, पण त्याच पेट्या दोन-तीन वर्षांनी परत माझ्याकडे आल्यात. फिल्मचे लावल्यावर हॉर्न थोडा जास्त उजळ वाटू शकतो कारण जुन्याचा आतला रेझिस्टन्स गेला. एल-पॅड जरा खाली घ्या, घाबरू नका.

एक धोका. जुन्या अमेरिकन क्रॉसओव्हरमध्ये तेलाचे पत्र्याचे डबे असतात. १९७९ मध्ये अमेरिकेत पीसीबीवर (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, विषारी तेल; सर्किट बोर्ड नव्हे) बंदी आली, त्याआधीच्या डब्यात ते तेल असू शकतं. डबा ओला, चिकट लागला तर हातमोजे घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद, फोडायचा नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही, ई-कचरा घेणाऱ्याला काय आहे ते सांगून द्यायचा.

झणझण असेल तर आधी युनिट आणि हॉर्नमधले बोल्ट. अर्धवट सैल असले किंवा मधला गास्केट वाळून फाटला असला की तिथून हवा फुसफुसते आणि हुबेहूब फाटक्या डायफ्रामसारखं वाजतं. पत्र्याचा हॉर्न स्वतः पण घंटेसारखा वाजतो, बाहेरून हात दाबून धरा, झणझण कमी झाली तर गाडीच्या दाराला लावतात ती डांबरी शीट बाहेरून चिकटवा. आतून काही लावायचं नाही. मग फोनवरून हळू आवाजात १ किलोहर्ट्झपासून वर स्वीप (हळूहळू चढत जाणारा एकच सूर) चालवा. एकाच जागी, दरवेळी त्याच सुराला झणझणलं आणि बोल्ट घट्ट आहेत, तेव्हाच मागचं झाकण.

माझा पहिला डायफ्राम मी स्वतः मारला. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर घेऊन झाकण उघडलं, शेवटचा स्क्रू काढताना चुंबकाने हातातून असा खेचला की टोक सरळ डायफ्रामच्या घुमटात. ॲल्युमिनियमचा घुमट, बिडीच्या बंडलावरच्या कागदाइतका पातळ. तेव्हापासून पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर, आणि टेबल आधी ओल्या फडक्याने पुसून, कारण लोखंडाचा एक कण चुंबकाच्या ज्या फटीत डायफ्रामची कॉईल हलते त्या फटीत गेला की काढता काढता दिवस जातो.

झाकण उघडल्यावर पहिल्यांदा आतला फोम बघा. जुन्या बऱ्याच युनिटमध्ये झाकणाच्या आत फोमची चकती असते, ती पन्नास वर्षांत चिकट काळा चुरा होते आणि तो चुरा डायफ्रामवर पडतो. तेवढंच दुखणं असलं तर नशीब. चुरा मऊ ब्रशने हळू झटका, झाकण अल्कोहोलने स्वच्छ करा, नवी पातळ फेल्टची चकती लावा. डायफ्राम काढलाच तर फटीतली घाण काढायला जाड कागदाच्या पट्टीवर चिकटपट्टी उलटी गुंडाळायची आणि गोल फिरवायची, दरवेळी नवी पट्टी, काळं यायचं थांबेपर्यंत. डायफ्राम परत बसवताना स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. काहींना जागेवर बसवायला पिना असतात, ज्यांना नसतात त्यांना हळू आवाजात स्वीप चालू ठेवून अर्धवट आवळलेला डायफ्राम केसभर इकडेतिकडे सरकवत स्वच्छ जागा शोधावी लागते. यात माझी दुपार जाते अजून.

नवा घालायचा तर दोन्ही बाजूंना एकाच बनावटीचा. आणि ओहम तेच. १६ ऐवजी ८ चा मिळतोय म्हणून घातला तर क्रॉसओव्हरचा कट दुप्पट वर सरकतो, मधला आवाजच नाहीसा होतो. फेनॉलिकच्या (राळेत भिजवलेल्या कापडाच्या) जागी ॲल्युमिनियमचा घातला तरी वरचा आवाज बदलतो. ते वाईटच असतं असं नाही, पण मग क्रॉसओव्हर परत जुळवायची तयारी ठेवा.

दोन ॲम्प्लिफायर लावून ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर (सूर ॲम्प्लिफायरच्या आधीच वेगळे करणारा) करायची हौस असेल तर जरूर करा, मी केलंय, पण युनिटच्या सिरीजमध्ये संरक्षणाचा कॅपॅसिटर ठेवा, आणि आधी ॲम्प्लिफायरच्या आऊटपुटला काही न वाजवता डीसी मोजा. १०० मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर आधी तो ॲम्प्लिफायर दुरुस्तीला. आणि अपग्रेडची हौस दोष सापडल्यानंतर. नाहीतर काय बिघडलं होतं आणि काय तुम्ही बिघडवलं हे देवालाही कळत नाही.

कुठे थांबायचं? चुंबकाचा भाग वेगळा करावा लागतोय असं वाटलं की थांबा. झाकण आणि डायफ्राम काढणं वेगळं आणि चुंबक पोलपासून सोडवणं वेगळं, अल्निकोचं चुंबक उघडलं की ताकद उतरते आणि परत चुंबकत्व भरायची मशीन आपल्याकडे घरी नसते. युनिट कधीतरी पडलेलं आहे आणि फट एका बाजूला झुकलेली दिसतेय, थांबा. मूळ डायफ्रामची कॉईल तुटलीये आणि तसा नवा मिळत नाही, तर फेकू नका, कॉईल परत गुंडाळणारी माणसं आहेत, त्यांना द्या, आणि मी स्वतः आयुष्यभर वाइंडिंग केलंय तरी हे काम मी दुसऱ्याकडे देतो. आणि टॉकीजच्या फार जुन्या, १९३० च्या आसपासच्या स्पीकरला मागून जास्तीच्या दोन वायरी आलेल्या दिसल्या तर ते फील्ड कॉईलचं युनिट असू शकतं, त्याच्या चुंबकालाच वेगळा डीसी सप्लाय लागतो आणि तो शेकडो व्होल्टचा असू शकतो. त्याला हात लावायचा नाही, मीटर पण लावायचा नाही.

दुरुस्तीला देताना दोन्ही बाजूंची युनिटं द्या, एक नाही. जुळवायला जोडी समोर लागते. सोबत तुम्ही मोजलेले आकडे, नॉबची जागा आणि वायरीचे फोटो द्या, समोरच्याचे दोन दिवस वाचतात आणि तुमचे पैसे. आणि रिक्षाने नेत असाल तर युनिट टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या, पायापाशी ठेवू नका. घोडबंदर रोडच्या एका खड्ड्यात एका माणसाचं बरं झालेलं युनिट परत माझ्याकडे आलंय.